अनावश्यक विराम

मला सहा मिनिटं मिळायची, बाई.
साडेसात म्हणजे साडेसात;
वरळीच्या त्या इमारतीत घड्याळाखेरीज
कुणाचंच कुणी ऐकत नसे.
तुम्ही डोळे मिटून बसायचात
आणि मिटल्या डोळ्यांनीच बातमीपत्र पुटपुटायचात.

पॅनकेक, पावडर, ओठांना तपकिरी,
कारण लाल रंग तेव्हा पडद्यावर काळाठिक्कर पडायचा.
पोत्याने पत्रं येत:
'हेमांगिनी तळपदे यांना विनंती, की
गुरुवारच्या साडीचा रंग कळवावा,
घरात पैज लागली आहे.'
साताऱ्याच्या एका वकिलाने तर लग्नाचं विचारलं,
सोबत सात-बाराचा उतारा जोडून.
तुम्ही हसलात, मग म्हणालात,
घाग, हसवू नका, रेषा पडतात.
कुठली रेषा कधी पडली, मला पाठ आहे.

शनिवारी मरीन लाइन्सला फ्रेंच शिकायला जायचात,
फक्त नावांसाठी.
तिकडचा कोणी मोठा पाहुणा मुंबईत उतरला, त्या संध्याकाळी
त्याच्या नावातला र तुम्ही घशातून काढलात,
आणि निर्माते धावत आले: बाई, घसा बसलाय का?
दुसऱ्या दिवसापासून तो र आपल्या घरचा झाला.
पण मेकअपच्या खुर्चीत, माझ्यापुरता,
तुम्ही तो पुन्हा पुन्हा म्हणून बघायचात.
माझी मुलगी अजून चिडवते,
बाबा गुळण्यासुद्धा फ्रेंचमध्ये करतात.

मग तो संप.
आमचे अण्णा साचेखात्यात.
आठ महिने घरात एकच पगार, माझा,
तोही सरकारी, म्हणून चाळीत धड कुणी बोलेना.
त्या दिवशी कागदावर होतं:
'बहुसंख्य गिरण्या पूर्ववत सुरू झाल्याचा दावा
सरकारने केला आहे.'
आरशातून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.
विचारलं काहीच नाहीत.
मी कानामागची पिन खोचली.

दिवा लागला.
मी कॅमेऱ्यामागे, केबलवर पाय पडू न देता उभा.
'...पूर्ववत सुरू झाल्याचा दावा'
आणि तुम्ही थांबलात.
अर्धा सेकंद. पापणी लवली नाही.
काना-मात्रा इकडची तिकडे नाही,
फक्त तो एक शब्द
सगळ्या महाराष्ट्रासमोर एकटा उभा राहिला,
उसन्या कोटातल्या माणसासारखा.

चाळीत एकाच घरी टीव्ही, जिन्यापर्यंत माणसं.
अण्णा म्हणाले, बाई थांबली.
दोनदा म्हणाले.
त्या रात्री ते माझ्या पंगतीला बसले.

मेमो आठवड्याने आला: वाचनात अनावश्यक विराम.
घडी घालून तो पर्समध्ये टाकलात,
आणि आरशाला म्हणालात, टिकली जरा खाली.

साहेब गेले, तेव्हा सहाव्या दिवशी तुम्ही हजर.
मी डोळ्यांखाली बर्फ फिरवला
आणि टिकलीची डबी हातात धरून नुसताच उभा राहिलो.
लावा, म्हणालात.
प्रेक्षकांचा नवरा नाही गेलेला, घाग.

नव्या वाहिन्यांनी मोठ्या पगारावर बोलावलं होतं.
तिसऱ्या दिवशी परत आलात.
तिथे श्वास घ्यायला जागा नाही, एवढंच.

मागच्या मंगळवारी खारला आलो.
टीव्ही चालू, आवाज बंद,
आठ चौकोनांत आठ जण भांडत होते.
मी म्हटलं, तिसऱ्याची हनुवटी चमकतेय.
तुम्ही म्हणालात, ती पाचवी श्वासच घेत नाहीये, पडेल.
मग साडेसात वाजले असावेत,
कारण तुमच्या हातांनी
विजेचं बिल, औषधांची चिठ्ठी, कुणाचीशी लग्नपत्रिका
गोळा केली, टेबलावर उभी आपटली,
कडा जुळवल्या.
मी दोन पावलं मागे सरकलो,
केबल नसलेल्या जमिनीवर
जपून पाय ठेवत.